नवी क्लासिक ३५०, रोजची फेरीबोट आणि खारी हवा: आधी काय बसवावं?

मये_ते_पणजी

नमस्कार मंडळी. रॉयल एनफील्डची नवी क्लासिक ३५० घेतली आहे, स्पोकच्या रिमची, म्हणजे ट्यूबचे टायर. रोजचा रस्ता डिचोली, मये, चोडण, तिथून फेरीबोटीने रायबंदर आणि पुढे पणजी. गाडी दिवसभर मांडवीच्या काठाला उघड्यावर उभी असते. अधूनमधून रविवारी चोर्ला घाटातून बेळगाव, मागे बायको. पावसाळ्यातही हाच रस्ता.

पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटरला आहे, त्यानंतरच गाडीला हात लावीन. बजेट वीस हजार, यंदा त्याच्या वर जायचं नाही. मनात आहे ते असं: क्रॅश गार्ड, फॉग लाइट, मोठा हॉर्न, टूरिंग सीट, सॅडल स्टे (बाजूच्या पिशव्या चाकापासून दूर धरणारी चौकट), स्पोक काढून अलॉय, आणि खरं सांगायचं तर सायलेन्सर. शोरूममध्ये टेफ्लॉन आणि अंडरबॉडी कोटिंगचाही आग्रह चालू आहे. वर मित्र सांगतात की सगळे बोल्ट स्टेनलेसचे करून घे, म्हणजे गंजाची कटकट मिटली.

यातलं आधी काय, नंतर काय आणि काय करूच नये? कारणं दिलीत तर फार बरं होईल.

घाटवाट

पहिली सर्व्हिस होईपर्यंत थांबताय हे उत्तम. त्या सर्व्हिसला तेल बदलतात, सगळे नट-बोल्ट आणि चेन तपासतात. त्याआधी बाहेर काही बसवलं आणि कुठे आवाज आला तर दोष गाडीचा की बसवलेल्या वस्तूचा, हे ठरवताच येत नाही.

सुरुवात ज्याला पैसे लागत नाहीत त्यापासून करा. पुष्कळ लोक गाडी वर्षभर शोरूमच्या सेटिंगवर चालवतात आणि मनगट किंवा कंबर दुखली की नवं हँडल, नवी सीट शोधायला निघतात. गाडी मेन स्टँडला लावा, नेहमीसारखे बसा, डोळे मिटून हात ग्रिपवर ठेवा आणि बोटं सरळ करा. मनगट वर किंवा खाली न मोडता बोटं लिव्हरवर टेकायला हवीत. टेकत नसतील तर लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट थोडे ढिले करून लिव्हर फिरवा आणि पुन्हा आवळा. क्लचला टोकाशी २ ते ३ मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. शून्य ठेवली तर क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि प्लेट जळतात. जास्त ठेवली तर न्यूट्रल सापडत नाही.

मग मागचे शॉक. त्यांना प्रीलोडचे, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची याचे, ६ टप्पे आहेत. एकटे असताना दुसरा किंवा तिसरा, बायको आणि सामान असेल तेव्हा पाचवा इथून सुरू करा आणि अंगाला पटेल तसं बदला. दोन्ही बाजूंना टप्पा सारखाच हवा, नाहीतर स्विंगआर्मवर पीळ येतो. दोघांना घेऊन मऊ सेटिंगवर गेलात तर आपल्याकडचे उंच गतिरोधक स्टँडला घासतात, आणि मागचं खाली बसलं की पुढचा हेडलाइट वर उठतो. चोर्ल्यात समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत जो प्रकाश जातो, त्याचं कारण बहुतेक वेळा बल्ब नसतो, न बदललेला प्रीलोड असतो.

टायरमधली हवा गाडी थंड असताना स्टिकरप्रमाणे भरा आणि खिशात ठेवता येईल असा स्वतःचा गेज घ्या. पेट्रोल पंपावरच्या काट्यावर विसंबू नका.

आता पैसे. तुमच्या रस्त्याचा खरा शत्रू मीठ आहे. चोडण आणि रायबंदरच्या धक्क्यावरचं पाणी मचूळ असतं. रॅम्पवरून चढता-उतरता ते रिमला, स्पोकच्या निपलला (रिमपाशी स्पोक आवळायचा छोटा नट), मेन स्टँडच्या सांध्याला लागतं. मग दिवसभर नदीकाठची हवा, आणि रात्री दव. मिठाचा थर हवेतलं पाणी ओढून धरतो, त्यामुळे गाडी कोरडी दिसली तरी धातू ओलाच असतो. गंज टाकीवर कधी सुरू होत नाही. तो सुरू होतो निपलवर, साइड स्टँडच्या स्प्रिंगवर, सायलेन्सरच्या क्लॅम्पखाली, मडगार्डच्या आतल्या स्पॉट वेल्डवर आणि बॅटरीच्या ट्रेखाली.

म्हणून तुमची पहिली खरेदी लॅनोलिनचा किंवा एसीएफ-५० जातीचा गंजरोधक स्प्रे. गाडी धुऊन रात्रभर कोरडी होऊ द्या. दोन्ही डिस्क आणि कॅलिपर प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी घट्ट बांधा. सीट आणि बाजूची झाकणं काढा. आधी फडक्यावर मारून निपल, स्टँडचे सांधे, फूटरेस्टच्या पिना पुसून घ्या, मग कनेक्टर, फ्रेमचे जोड, हेडलाइटच्या मागची बाजू, उघडी नळीची टोकं यांवर पातळ फवारा द्या. जाड थर देऊ नका, त्यात धूळ बसते. टायर, ग्रिप, सीट आणि ब्रेक पॅडला थेंबही लागता कामा नये. हे मे महिन्याच्या अखेरीस, श्रावणात आणि दिवाळीनंतर असं तीनदा करावं लागेल, कारण पावसात थर धुऊन जातो. डब्ल्यूडी-४० ला यात पर्याय समजू नका. ते अडकलेला नट सोडवायला छान आहे, पण थोड्या दिवसांत उडून जातं.

धुताना साध्या नळाचं गोडं पाणी. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने पाणी चाकाच्या बेअरिंगमध्ये, स्टिअरिंगच्या बेअरिंगमध्ये आणि वायरिंगच्या सॉकेटमध्ये घुसतं. फेरीच्या दिवशी घरी आल्यावर फक्त खालची बाजू आणि चाकं पाण्याने खंगाळली तरी पुष्कळ झालं. मये भागातली खाणीची तांबडी धूळ टाकीवर असेल तर कोरडं फडकं मारू नका. त्यात लोहखनिजाचे कण असतात, रंगावर गोल ओरखडे उठतात. आधी पाणी ओता, मग पुसा. आणि रात्री ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, खाली वाफ कोंडते.

टेफ्लॉन कोटिंग रंगावर असतं आणि रंगाला तुमच्याकडे धोका नाही, तेव्हा ते सोडून द्या. अंडरबॉडी कोटिंग मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला उपयोगी आहे, फक्त तिथेच. ते काळं रबरी लेपण दमट पत्र्यावर मारलं तर ओल आत कोंडून पत्रा आतून खाल्ला जातो आणि वरून काही दिसत नाही. स्विंगआर्म, शॉकचा रॉड, एबीएसची वायर यांवर तर मारूच देऊ नका.

वायरमन_फोंडा

लाइट आणि हॉर्नबद्दल मी लिहितो.

२०२४ नंतरच्या क्लासिकला एलईडी हेडलाइट आहे, रोजच्या रस्त्याला तो पुरतो. आधी त्याचा झोत नीट लावा. सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा, मागे बायकोला बसवा, लो बीमची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. एवढं केल्यावर फॉग लाइटची गरज खरोखर उरते का बघा. पावसाळ्यात चोर्ल्यातून संध्याकाळी उतरणार असाल तरच उरते. धुक्यात पांढरा हाय बीम थेंबांवर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो. तिथे खाली लावलेला, रुंद झोताचा पिवळा दिवा कामाचा.

घ्यायचे ठरवलेत तर दिव्यापेक्षा जोडणीवर लक्ष द्या. गोव्यात नव्या गाडीचं वायरिंग बहुतेक वेळा दिव्यामुळे बिघडत नाही, जोडामुळे बिघडतं. ॲक्सेसरीच्या दुकानात मूळ वायर सोलून त्यावर दुसरी गुंडाळतात आणि काळी टेप मारतात, किंवा वायरला चावणारी प्लॅस्टिकची क्लिप लावतात. त्या क्लिपची पाती तांब्याच्या थोड्या तारा तोडते, फटीतून खारी हवा आत जाते, तांबं हिरवं पडतं आणि वायरच्या आतून वीतभर लांबपर्यंत सडत जातं. मग पावसात कधी एबीएसचा दिवा लागतो, कधी गाडी उचक्या देते, आणि कारण महिनोन्‌महिने सापडत नाही.

बरोबर जोडणी अशी. २० वॉटचे दोन दिवे म्हणजे ४० वॉट, १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या आत. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत ७.५ अँपिअरचा वॉटरप्रूफ फ्यूज, तिथून १ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० क्रमांकाच्या पिनला. ८७ मधून दिव्यांना. ८५ अर्थला. ८६ ला हँडलवरच्या छोट्या स्विचमधून, चावी लावल्यावरच जिवंत होणाऱ्या लाइनचा सिग्नल. ही लाइन घेताना मूळ वायर कापायची नाही, त्याच मापाचा नर-मादी कपलर मिळतो तो मध्ये बसवायचा. काढायचं झालं तर गाडी पुन्हा होती तशी होते आणि वॉरंटीला बोट दाखवायला जागा राहत नाही. दिव्यांची अर्थ वायर फ्रेमच्या रंगवलेल्या बोल्टला देऊ नका, सरळ बॅटरीच्या मायनसला न्या. प्रत्येक टर्मिनल क्रिंप करा, आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा, कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. रिलेची तोंडं खाली ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. वायर स्टिअरिंगपाशी नेताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. तिथे ताण पडला की पहिल्याच पावसाळ्यात तुटते.

दिवे क्रॅश गार्डवर लावू नका असं माझं मत. गार्ड थरथरतो आणि गाडी आडवी झाली की पहिला बळी दिव्याचाच जातो. हेडलाइटखालचा ब्रॅकेट बरा.

हॉर्न राहू द्या. मोठे दोन हॉर्न जास्त करंट ओढतात, रिलेशिवाय लावले तर हँडलवरच्या बटणाचे पॉइंट जळतात. अनेक सुरांचा हॉर्न तर केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ मध्ये बसतच नाही.

मये_ते_पणजी

दोघांचेही आभार, देव बरें करूं. फॉग लाइट यंदा नाही, हे ठरलं. पण स्टेनलेस बोल्ट आणि क्रॅश गार्ड या दोन गोष्टींवर मन अडलं आहे. गंजासाठी स्टेनलेस बोल्ट बरोबरच ना? आणि १९५ किलोची गाडी फेरीवर कलली तर गार्ड हवाच, असं सगळे सांगतात.

लेथ_आणि_लोखंड

स्टेनलेसचा सल्ला अर्धा बरोबर आहे आणि उरलेला अर्धा तुमच्यासारख्या किनारी गाडीला महागात पडणारा आहे.

इंजिनची बाजूची झाकणं ॲल्युमिनियमची. त्यात स्टेनलेसचा बोल्ट घातला आणि मिठाचं पाणी मध्ये शिरलं की दोन वेगळ्या धातूंची बॅटरी तयार होते. त्यात झिजतो तो ॲल्युमिनियम. बोल्ट लखलखीत राहतो आणि भोवती पांढरी पूड दिसू लागते. ती पूड म्हणजे तुमच्या केसिंगचे आटे. दोन वर्षांनी बोल्ट काढायला जाल तेव्हा तो आट्यांसकट बाहेर येईल. मूळ बोल्टला जस्ताचा मुलामा असतो. तो आधी स्वतः झिजतो आणि ॲल्युमिनियमला वाचवतो. म्हणून इंजिनच्या झाकणांचे बोल्ट तसेच राहू द्या.

दुसरी गोष्ट ताकदीची. बाजारात मिळणारे स्टेनलेस बोल्ट ए२-७० जातीचे असतात. ब्रेक कॅलिपर, डिस्क, इंजिन माउंट, ॲक्सल, हँडल क्लॅम्प इथे कंपनी जे ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, जास्त ताकदीचे बोल्ट वापरते त्यांच्या जागी ते कधीही घालायचे नाहीत. ते आधी ताणले जातात, मग तुटतात.

नंबर प्लेटचा ब्रॅकेट, मडगार्ड, बाजूची झाकणं, आरशाचे नट इथे स्टेनलेस खुशाल घाला. पण आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं लेपण, लावूनच. अँटी-सीझने घर्षण कमी होतं, त्यामुळे त्याच पान्याने त्याच जोराने आवळलं तर बोल्ट जास्त ताणला जातो. पाव हिस्सा जोर कमी ठेवा. अंदाज म्हणून सांगतो, कोरड्या एम६ ला साधारण १० न्यूटन-मीटर आणि एम८ ला २५ पुरतात. प्लॅस्टिकवर आवळताना त्याच्याही खाली. टॉर्क रेंच विकत घ्या, तुमच्या यादीतल्या अर्ध्या वस्तूंपेक्षा तो जास्त वर्षं कामाला येईल.

आता क्रॅश गार्ड. उभ्या किंवा रांगत्या गाडीच्या पडण्यात तो उत्तम, टाकी, लिव्हर आणि तुमची नडगी वाचवतो. फेरीच्या लोखंडी रॅम्पवर पाय घसरून गाडी कलणं हे नेमकं तसंच पडणं आहे, तेव्हा तुमच्या बाबतीत तो यादीत वर हवा. वेगात घसरल्यावर मात्र रुंद गार्ड रस्त्याच्या कडेला किंवा खड्ड्यात अडकतो आणि सरळ घसरत जाणारी गाडी उलटते. म्हणून रुंद, चकरीदार, रबराचे गोळे लावलेले प्रकार सोडा. इंजिनला चिकटून जाणारा, कंपनीच्या ॲक्सेसरीतला किंवा त्याच मापाचा, दोन्ही बाजू खालून आडव्या पट्टीने जोडलेला घ्या.

दुकानदार स्टेनलेस म्हणून विकतो तेव्हा चुंबक लावून पाहिल्याने काही कळत नाही. २०२ आणि ३०४ या स्टेनलेसच्या दोन जाती, दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही, पण २०२ खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात तांबूस होतं. बिलावर ३०४ लिहून घ्या. तेही नदीकाठी चहाच्या डागासारखं पिवळट पडतं, पण तो वरचा डाग असतो, पॉलिशने निघतो. पावडर कोटचा घेतलात तर वेल्डच्या खाली पाणी निचरायला भोक आहे का पाहा. नसेल तर नळीच्या आत पाणी साचतं आणि बाहेरचा रंग छान असताना गार्ड आतून कुजतो.

बसवताना सगळ्यात जास्त घाई होते ती इथेच. गार्ड इंजिनच्या पुढच्या माउंटच्या बोल्टवर येत असेल तर बोल्ट काढण्यापूर्वी इंजिनखाली लाकडी फळी ठेवून जॅक हलका टेकवा, उचलू नका. एकच बोल्ट एका वेळी. ब्रॅकेटच्या जाडीने जुना बोल्ट आखूड पडतो, नटाबाहेर किमान दोन आटे दिसले पाहिजेत. नाही दिसले तर त्याच ग्रेडचा लांब बोल्ट घ्या. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, गार्डला स्वतःची जागा घेऊ द्या, मग एकेक करून आवळा. एक बाजू आधी पक्की केली आणि दुसरी बाजू पहारीने ओढून बसवली तर माउंटवर कायमचा ताण राहतो, इंजिनची थरथर पायाला जाणवते आणि पुढे ब्रॅकेटला भेग पडते. निळा थ्रेडलॉकर (बोल्ट थरथरून ढिला होऊ न देणारा गोंद), आणि ५०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासणी. गाडी एकदा जोरात पडून गार्ड वाकला तर तो सरळ करून घेऊ नका, बदला.

सत्तरीची_वाट

सगळे गाडीबद्दल बोलताहेत, मला वीस हजारांचा निम्मा भाग गाडीबाहेर काढायचा आहे. दोघंही घाटातून जाता, तेव्हा दोन चांगली हेल्मेट आधी. आयएसआयचा आयएस ४१५१ शिक्का कमीत कमी हवा. बायकोसाठी स्वस्तातलं अर्धं हेल्मेट घेऊ नका, कलम १२९ मागच्यालाही तितकंच लागू आहे आणि रस्ताही. नवं हेल्मेट गाल दाबणारं हवं. पट्टा लावून मागच्या कडेला धरून पुढे ओढून बघा. कपाळावरून निसटलं तर माप मोठं. पिनलॉक (आतून लावायची दुसरी पातळ काच) बसणारी काच मिळत असेल तर तीच घ्या, पावसात आतून धुकं धरणं थांबतं आणि ते थांबलं की निम्मी भीती जाते. रंगीत काच पावसाळ्यात नको. उरलेल्यात हातमोजे, घोट्याच्या वर येणारे घट्ट तळव्याचे बूट, आणि दोन भागांचा रेनकोट. लांब झग्यासारखा रेनकोट चेनमध्ये आणि मागच्या चाकात जातो.

टूरिंग सीट यंदा घेऊ नका. मूळ सीटचा फोम हजार-दोन हजार किलोमीटरनंतर बसतो, तोवर निर्णय करणं चुकीचं. पुढे घेतलीत तर दोन गोष्टी तपासा. जाड फोमने उंची २ ते ३ सेंटिमीटर वाढते, त्यामुळे पाय पूर्ण टेकत नसतील तर फेरीच्या उतारावर तीच अडचण होईल. आणि उभ्या शिलाईची सीट आतून सील केलेली हवी, नाहीतर टाक्यांच्या भोकांतून पाणी शिरून फोम आठवडाभर ओला राहतो आणि बसल्यावर पँट ओली होते.

सॅडल स्टे हवा, पण साडी गार्ड काढावा लागणार नाही असा. नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा अर्धा भाग झाकणारं संरक्षण आणि मागच्याला धरायला पकड असायलाच हवी. बायको मागे बसणार असताना तो काढणं हा विषयच नाही. ओढणी किंवा पदर स्पोकमध्ये गेल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. उजवीकडे सायलेन्सर आहे, त्या बाजूची पिशवी त्याला टेकत नाही ना हे सामान भरून, दोघं बसून, शॉक दाबून पाहा. रिकाम्या पिशवीवर सगळं ठीकच दिसतं. जड सामान खाली आणि पुढे, मागच्या रॅकवर फक्त हलकं. रॅकवर भार पडला की पुढचं चाक हलकं होतं आणि चढावर वळताना गाडी सरळ जायला बघते.

आणि नवे टायर. त्यांच्यावर साच्याचा गुळगुळीत थर असतो. पहिले २०० किलोमीटर ओल्या रॅम्पवर पुढचा ब्रेक अगदी हळू, गाडी सरळ ठेवून, हँडल न वळवता.

कागदपत्र_आणि_कायदा

सायलेन्सरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, आणि मी स्पष्ट लिहितो. करू नका.

बीएस६ गाडीच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. मोकळा पाइप लावला की हवेची चाल बदलते. सेन्सर हलक्या थ्रॉटलला थोडंफार सावरून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आधीच भरून ठेवलेल्या तक्त्यावर चालतो आणि मिश्रण पातळ पडतं. थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येतो. लोक त्याला फायरिंग म्हणून खूश होतात, प्रत्यक्षात ते न जळलेलं पेट्रोल पाइपमध्ये जळत असतं. ताकद वाढत नाही, खालच्या आरपीएमची ओढ बहुधा कमीच होते, आणि दोघांना घेऊन घाट चढताना तीच ओढ लागते.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. कलम १८२अ(४) खाली अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी चोडणसारख्या गावात, सलीम अली पक्षी अभयारण्याच्या शेजारून, सकाळी असा आवाज करत जाऊ नये.

जे काही बसवाल त्याची बिलं ठेवा आणि इन्शुरन्सच्या नूतनीकरणावेळी ॲक्सेसरी म्हणून कळवा. न कळवलेली वस्तू अपघातात भरून मिळत नाही. नंबर प्लेट एचएसआरपीच ठेवा, सॅडल स्टे किंवा रॅक तिच्या आड येऊ देऊ नका.

मये_ते_पणजी

समजलं. म्हणजे हेल्मेट, हातमोजे, रेनकोट, गंजाचा स्प्रे, टॉर्क रेंच, मग गार्ड, आणि उरले तर सॅडल स्टे. सायलेन्सर डोक्यातून काढला. एकच राहिलं, अलॉयचं. चोर्ल्यात ट्यूब पंक्चर झाली तर काय करायचं?

घाटवाट

अलॉयवर खर्च केलात तर बाकी सगळं राहून जाईल. बाहेरची स्वस्त अलॉय तर नकोच, एबीएसची रिंग, डिस्कचं अंतर आणि बेअरिंगचं माप यांपैकी काहीतरी चुकतं. पुढे कधी घ्यायची झालीच तर कंपनीने याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला दिलेली पूर्ण चाकंच.

ट्यूबमध्ये भरायच्या सीलंटवर भिस्त ठेवू नका. बारीक भोक बुजतं, पण खिळ्याने फाटलेली ट्यूब क्षणात बसते. सोबत दोन्ही मापांच्या ट्यूब ठेवा, पुढची १९ इंची आणि मागची १८ इंची, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, साबणाच्या पाण्याची लहान बाटली आणि ॲक्सलच्या नटाला बसणारा पाना. मेन स्टँड आहे, त्यामुळे मागचं चाक रस्त्याकडेला काढता येतं. पुढचं काढताना एबीएस सेन्सरची वायर आधी क्लिपमधून सोडवा. चाक बाहेर असताना ब्रेक लिव्हर दाबू नका. पॅड जवळ येतात आणि डिस्क परत आत जात नाही. जवळ पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, चाक काढल्याबरोबर पॅडमध्ये सारा.

टायर घालताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली तर शेवटचा हिस्सा कमी जोराने चढतो आणि लिव्हरने नवी ट्यूब चावली जात नाही. व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळू नका, वर टोपीपाशी सोडा. कमी हवेवर ब्रेक मारला की टायर रिमवर थोडा सरकतो आणि ट्यूबला ओढतो. नट रिमला पक्का असेल तर व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. नट वर असेल तर व्हॉल्व्ह नुसता तिरका होतो आणि तुम्हाला वेळेत कळतं.

पहिल्या सर्व्हिसला स्पोकही तपासून मागा. घरी पान्याच्या दांड्याने प्रत्येक स्पोकवर हलकं टिचकवा. घट्ट स्पोक खणखणतो, ढिला ठस्स वाजतो. एकटा स्वतः आवळत बसू नका, एका बाजूने ताणलं की रिम वाकते, ते ट्रूइंग स्टँडवरचं काम आहे. पंक्चरचा सराव मात्र पावसाळ्याआधी घरच्या अंगणात एकदा करून घ्या. चोर्ल्यात नेटवर्क बऱ्याच ठिकाणी नसतं, तिथे फोनवर कोणाला विचारता येणार नाही.